जुन्या इंडेक्स गिअरचं गणित : शिफ्टर, डिरेलर आणि फ्रीव्हील जुळवायचं कसं?

घाटचढ

नमस्कार मंडळी,

मामा बरीच वर्षं अमेरिकेत होते. परत येताना त्यांनी तिथे चालवलेली जपानी बनावटीची रोड बाईक सामानात बांधून आणली. ती आता पुण्यात माझ्याकडे आहे. फ्रेम स्टीलची, कुठे गंज नाही की चीर नाही. गिअरच्या दांड्या खालच्या तिरप्या नळीवर आहेत. उजव्या दांडीवर शिमानो एसआयएस (इंडेक्स, म्हणजे टिकटिक करत ठरावीक टप्प्यांवर थांबणारी गिअरची सोय) लिहिलंय आणि ती सहा ठिकाणी टिकटिक करते. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, शिमानो १०५ आहे. त्याच्या पाठीवर एल आणि एच अशी दोन बारीक अक्षरं ठोकलेली आहेत. फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा, सहा चकत्यांचं, पण त्यावर नाव दिसत नाही.

अडचण अशी : सर्वांत लहान चकतीवर चेन नीट बसते, दुसरीवरही चालून जातं. तिसरीपासून खडखड सुरू होते, आणि चौथीवर गेलं की चेन पाचवीला घासत राहते. केबल ढिली केली, ताणली, तरी काहीतरी एक बिघडतंच. दुकानात सांगितलं, "गिअर म्हातारे झाले, सगळा सेट बदला." माझं मन होत नाही.

दुसरं म्हणजे मला सिंहगड चढायचाय आणि मागची मोठी चकती फक्त २४ दात्यांची आहे. हल्लीच्या सायकलींवरचं सात गिअरचं टूर्नी (शिमानोची साधी, स्वस्त श्रेणी) फ्रीव्हील यावर बसेल का? जागा तर दिसतेय. लहान चकती आणि फ्रेम यांच्यामध्ये जवळजवळ बोट जातं.

फ्रिक्शनप्रेमी

सेट अजिबात बदलू नका. त्या दांडीच्या बाहेरच्या बाजूला दुमडणारी एक तारेची कडी असेल, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची. ती उचलून फिरवली की टिकटिक बंद होते आणि दांडी फ्रिक्शनवर, म्हणजे टप्प्यांशिवाय हवी तिथे थांबत, चालते. त्या काळात शिमानोने ही सोय मुद्दाम ठेवली होती. मग कुठलंही फ्रीव्हील लावा, कानाने गिअर लावा आणि निघा.

जुनीचेन

फ्रिक्शनप्रेमींचा उपाय आज संध्याकाळपुरता उत्तम आहे. पण १०५ चा सेट इंडेक्सवर लोण्यासारखा चालतो, आणि घाटचढ यांना तो तसा चालायला हवाय, म्हणून मुळापासून लिहितो. सवडीने वाचा.

आधी ती अक्षरं. शिमानोच्या जुन्या भागांवर पहिलं अक्षर वर्षाचं आणि दुसरं महिन्याचं असतं. ए म्हणजे १९७६, तिथून मोजत आलं की एल म्हणजे १९८७. एच म्हणजे आठवा महिना. तुमचा डिरेलर ऑगस्ट १९८७ चा आहे. एसआयएस पहिल्यांदा १९८४ मध्ये शिमानोच्या सर्वांत वरच्या श्रेणीवर, ड्यूरा-एस ७४०० वर, आलं आणि नंतर खालच्या श्रेणींत उतरलं. तुमचा १०५ त्या उतरंडीतल्या सुरुवातीच्या सेटपैकी आहे आणि दणकट आहे.

आता गणित. इंडेक्स गिअरमध्ये तीनच आकडे महत्त्वाचे. दांडी एका टिकटिकीला केबल किती ओढते, ओढलेल्या प्रत्येक मिलिमीटरमागे डिरेलर किती सरकतो, आणि दोन शेजारच्या चकत्यांच्या मध्यांमध्ये अंतर किती आहे. पहिल्या दोघांचा गुणाकार तिसऱ्याएवढा आला पाहिजे. बस्स. भाग कोणत्या वर्षाचा, चकाकतो की नाही, किमतीला भारी की हलका, याचा इथे काही संबंध नाही.

शिमानोच्या साध्या एसआयएस डिरेलरचं गुणोत्तर साधारण १.७ आहे. सहा गिअरची दांडी एका टिकटिकीला सुमारे ३.२ मिमी केबल ओढते. ३.२ गुणिले १.७ म्हणजे ५.४४, आणि सहा गिअरच्या फ्रीव्हीलवर चकत्यांमधलं अंतर ५.५ मिमीच्या आसपास. सात गिअरची दांडी २.९ मिमी ओढते, म्हणजे ४.९३, आणि अंतर ५.० मिमी. आठची २.८, म्हणजे ४.७६, अंतर ४.८. नऊची २.५, म्हणजे ४.२५, अंतर ४.३५. गुणाकार प्रत्येक ठिकाणी किंचित कमी दिसतो, पण आकडे गोळाबेरीज आहेत आणि डिरेलरची वरची कप्पी जी थोडी आडवी हलते ती एवढा फरक पोटात घालते. त्या हलणाऱ्या कप्पीला शिमानो सेंटेरॉन म्हणतं. एसआयएस चालण्यात तिचा वाटा मोठा आहे, म्हणून कप्पी बदलायची वेळ आली तर वर तीच हलणारी हवी.

आता तुमची लक्षणं बघा. पहिली चकती ठीक, दुसरी चालेल, तिसरीवर खडखड, चौथी पुढच्या चकतीला घासते. म्हणजे प्रत्येक टिकटिकीला डिरेलर गरजेपेक्षा थोडा जास्त सरकतोय आणि ती चूक साठत जातेय. त्यात लहान चकती आणि फ्रेममध्ये बोट जातंय. सहा गिअरचं साधं फ्रीव्हील या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) एवढी जागा सोडत नाही. मला दाट शंका आहे की तुमच्या फ्रीव्हीलच्या चकत्या एकमेकींच्या जास्त जवळ आहेत.

दोन गोष्टी करा. चाक काढून फ्रीव्हीलच्या तोंडाशी आत बघा : बारीक खाचांचं गोल दिसतंय, की दोन किंवा चार मोठे कापे? आणि कॅलिपरने लहान चकतीच्या बाहेरच्या पृष्ठापासून मोठ्या चकतीच्या बाहेरच्याच पृष्ठापर्यंत अंतर मोजा. चकत्या सहा, पण फटी पाच.

म्युनिककर

जुनीचेन काका, ही गुणाकाराची रीत मला दोन वर्षांपूर्वी कळली असती तर बरं झालं असतं. 🙏 घाटचढ यांचं उत्तर येईपर्यंत माझा प्रश्न विचारते. इथे जर्मनीत एक जुनी प्यूजो सायकल घेतलीय, १९८० च्या आसपासची. फ्रीव्हील झिजलंय. इथल्या दुकानात सहज मिळणारं शिमानोचं बसवू का? हाताने फिरवून बघितलं तर दोन आटे सहज जातात, मग अडतं.

टर्नर_पिंपरी

ताई, थांबा. पुढे एक आटाही फिरवू नका.

त्या काळातल्या बऱ्याच प्यूजोंच्या हबवर फ्रेंच आटे असतात, ३४.७ मिमी व्यास आणि १ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर). शिमानोचं फ्रीव्हील इंग्लिश मापाचं, १.३७ इंच म्हणजे ३४.८ मिमी, आणि इंचाला २४ आटे. व्यासात फरक ०.१ मिमीचा आहे, तो हाताला कळत नाही. पण इंचाला २४ म्हणजे पिच येतो १.०५८ मिमी. एका आट्याला ०.०५८ चा फरक, दहा आट्यांत अर्ध्या आट्याहून जास्त. म्हणून सुरुवातीला सरळ गेल्यासारखं वाटतं आणि मग अडतं. फ्रीव्हील पोलादाचं, हब अ‍ॅल्युमिनियमचं. जोर लावला की हबचे आटे सोलून निघणार, आणि त्यावर इलाज नाही.

पिच गेज मिळाला तर १ मिमीचं पातं लावून बघा. उजेडाकडे धरा, मधून फट दिसता कामा नये.

इटालियन हबचा प्रश्न वेगळा. ३५ मिमी आणि इंचाला २४. पिच तोच, व्यास थोडा मोठा. त्यावर इंग्लिश फ्रीव्हील जरा घट्ट पण बसतं. एकदा बसवलं की तिथेच राहू द्यावं, आलटूनपालटून दोन्ही मापांची लावू नयेत.

म्युनिककर

पातं लावलं. १ मिमीचं चपखल बसतंय. म्हणजे फ्रेंचच. फ्रीव्हील उतरवून ठेवलंय, हबचे आटे शाबूत आहेत. मनापासून आभार.

जुनीचेन

मग दोन वाटा आहेत. फ्रेंच आट्यांचं जुनं फ्रीव्हील युरोपात अजून सापडतं, मायार किंवा अ‍ॅटमचं बघा. नाहीतर इंग्लिश आट्यांच्या हबवर चाक नव्याने बांधून घ्या. रोज चालवायची असेल तर मी दुसरी वाट सुचवेन, कारण मग पुढची वीस वर्षं फ्रीव्हीलची चिंता नाही.

आणि एक. प्यूजोवर हेलिकोमॅटिक हबही येत असे. त्यात फ्रीव्हील आट्यांवर बसतच नाही, हबवरच्या मळसूत्री खाचांवर सरकतं आणि बाहेरून एक रिंग त्याला धरते. तुमच्याकडे आटे आहेत म्हणजे ते नाही, हे चांगलंच आहे. त्याचे छर्रे बारीक असतात आणि बदली भाग मिळणं कठीण.

घाटचढ

मोजलं! चार मोठे कापे आहेत. आणि कॅलिपरवर सगळं मिळून २५ मिमी, किंचित वर.

जुनीचेन

२५ भागिले ५ म्हणजे ५ मिमी. चकत्या सहा आहेत, पण त्यांच्यातलं अंतर सात गिअरचं. आणि चार कापे म्हणजे सनटूर, ही शिमानोची जुनी जपानी प्रतिस्पर्धी कंपनी.

सनटूरने १९७० च्या दशकाच्या अखेरीस अल्ट्रा-सिक्स नावाचं फ्रीव्हील काढलं. त्या वेळी मागच्या हबची रुंदी पाच गिअरसाठी १२० मिमी असे. सहावी चकती घालायची तर हब १२६ करावा लागे. सनटूरने चकत्या जवळ आणल्या आणि पाचच्या जागेत सहा बसवल्या. कल्पना सुंदर होती, आणि फ्रिक्शनच्या जमान्यात त्याचं काहीच बिघडत नव्हतं. तुमच्या हबवर मूळ फ्रीव्हील झिजल्यावर अमेरिकेत कुणीतरी हे लावलं असणार. हब १२६ चा, फ्रीव्हील १२० साठीचं, म्हणून बोटभर मोकळी जागा.

आता गुणाकार : दांडी डिरेलरला सरकवतेय ५.४४, चकत्या आहेत ५.० वर. चौथ्या चकतीपर्यंत तीन टिकटिकी होतात, चूक १.३ मिमी. चेन पाचवीला घासणारच. तुमच्या सायकलीत बिघडलेलं काही नाही. प्रत्येक भाग आपलं काम चोख करतोय, फक्त एक पाहुणा दुसऱ्या मापाचा आहे.

मग पर्याय :

सहा गिअरचं साधं शिमानो फ्रीव्हील लावा, १४ ते २८ दात्यांचं. ३ गुणिले ६, म्हणजे अठरा गिअर म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलींवर टूर्नीचं हेच असतं. पुण्यात कुठल्याही सायकलींच्या बाजारात मागा. आटे इंग्लिश, तुमच्या जपानी हबवरही तेच असणार, तरी टर्नरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे हाताने फिरवून खात्री करा. दांडी तीच, डिरेलर तोच. तुमच्यासाठी हाच रस्ता.

सातचं लावायचं तर फ्रीव्हील १२६ च्या हबवर बहुधा बसेल, पण दांडी सातची शोधावी लागेल. डिरेलर मात्र तोच चालेल, हे लक्षात घ्या. डिरेलरला चकत्या मोजता येत नाहीत, तो फक्त केबलच्या ओढीला उत्तर देतो. म्हणूनच १९८७ चा १०५ आजच्या सात गिअरच्या टूर्नी फ्रीव्हीलवर बिनतक्रार चालतो. मधल्या एवढ्या वर्षांत शिमानोने ते १.७ चं गुणोत्तर सहा ते आठ गिअरपर्यंत बदललं नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जुना चांगला डिरेलर भंगारात टाकायला काहीही कारण नाही.

३४ दात्यांच्या मेगारेंज फ्रीव्हीलच्या वाटेला जाऊ नका. तुमच्या डिरेलरचा पिंजरा (दोन्ही कप्प्या धरणारा भाग) आखूड आहे, २८ पर्यंत ठीक.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. वरचं वाचून आशा वाटली म्हणून लिहितो. माझ्याकडे पूर्ण सनटूर अ‍ॅक्युशिफ्टचा (सनटूरच्या इंडेक्स गिअरचा) सेट आहे, सात गिअर. दांडीच्या आतलं दातेरी चाक तुटलं. शिमानोची सात गिअरची दांडी लावली तर?

जुनीचेन

नाही जमणार, आणि याचं मला वाईट वाटतं, कारण सनटूरचे डिरेलर हातात घेतले की घडणावळ कळते. तिरक्या समांतरभुजाचा डिरेलर, ज्यात कप्पी चकत्यांच्या उताराला धरून सरकते, तो सनटूरनेच १९६४ मध्ये काढला. आज आपण वापरतो तो जवळजवळ प्रत्येक डिरेलर त्याच कल्पनेवर उभा आहे. ते पेटंट १९८४ मध्ये संपलं, आणि शिमानोने त्याच सुमाराला ती तिरकी रचना, वरच्या सांध्यातली स्प्रिंग आणि एसआयएस हे तिन्ही एकत्र आणलं. सनटूर इंडेक्समध्ये उशिरा उतरली, आणि तिच्या डिरेलरचं गुणोत्तर शिमानोहून वेगळं राहिलं. शिवाय अ‍ॅक्युशिफ्टच्या फ्रीव्हीलवर सगळ्या फटी सारख्या नसतात. शिमानोची दांडी प्रत्येक टिकटिकीला सारखीच ओढ देते, त्यामुळे एका टोकाला जुळवलं की दुसऱ्या टोकाला सुटतं.

तुम्हाला तीन मार्ग. तशीच जुनी सनटूरची दांडी शोधायची. किंवा दांडी, डिरेलर, फ्रीव्हील तिन्ही शिमानोचं करायचं. किंवा फ्रिक्शन.

फ्रिक्शनप्रेमी

एडिसनकर, तिसरा मार्ग धरा. सनटूरच्या जुन्या रॅचेटवाल्या फ्रिक्शन दांड्या अमेरिकेत वापरलेल्या मिळतात. ओढताना हलक्या, आणि सोडल्यावर केबल मागे सरकत नाही. डिया-कॉम्पेसुद्धा नव्या रॅचेटच्या दांड्या बनवते. फटी सारख्या आहेत की नाहीत, हा प्रश्नच राहत नाही. मी माझ्या सायकलीवर आठ चकत्या फ्रिक्शनवर चालवतो. बोटाला सवय लागली की बघावं लागत नाही.

एडिसनकर

रॅचेटच्या बार-एंड (हँडलच्या टोकाला बसणाऱ्या) दांड्या बघतोय. डिरेलर ठेवता आला याचाच आनंद आहे, तो बाबांच्या सायकलीचा आहे.

टर्नर_पिंपरी

जुनीचेन, ड्यूरा-एस ७४०० बद्दल ऐकलंय की ते कशाशीच जमत नाही. खरं आहे का? आमच्याकडे एका गृहस्थांनी ऑनलाइन ड्यूरा-एसचा डिरेलर मागवलाय आणि दांडी १०५ ची आहे.

जुनीचेन

आपल्यातच जमतं, बाकीच्यांशी नाही. ७४०० मालिकेच्या डिरेलरचं गुणोत्तर १.९ च्या आसपास आहे, म्हणून त्याच्या दांड्या केबल कमी ओढतात. शिमानोचं नाव दोन्हीकडे आहे म्हणून लोक फसतात.

त्या गृहस्थांची दांडी सातची असेल तर २.९ गुणिले १.९ म्हणजे ५.५ मिमी. सात गिअरच्या चकत्यांसाठी हे अर्ध्या मिमीने जास्त. पण गंमत बघा, ५.५ हे सहा गिअरच्या साध्या फ्रीव्हीलचं अंतर. म्हणजे सातची साधी दांडी, ७४०० चा डिरेलर आणि सहाचं फ्रीव्हील हे कागदावर जुळतं. एक टिकटिक रिकामी राहील, ती डिरेलरवरच्या मर्यादेच्या स्क्रूने अडवायची. उलट ड्यूरा-एसची आठची दांडी सुमारे २.५ मिमी ओढते. ती साध्या १.७ च्या डिरेलरला लावली की ४.२५ येतं, म्हणजे नऊ गिअरच्या चकत्यांच्या जवळ. ड्यूरा-एस नऊ गिअरला गेली तेव्हा तीही साध्या गुणोत्तरावर आली आणि हा घोळ मिटला.

इटलीच्या कॅम्पाग्नोलोची सिंक्रो ही इंडेक्स दांडी कुणाकडे असेल तर तिथे आणखी वेगळा कारभार. दांडीच्या आत बदलता येणाऱ्या रंगीत चकत्या असतात, आणि कुठला डिरेलर, कुठलं फ्रीव्हील यावर रंग ठरतो. चुकीचा रंग आत असेल तर जन्मभर केबल ताणत बसाल.

म्युनिककर

आणि आठची दांडी सातच्या फ्रीव्हीलवर? इथे एका दुकानात शिमानोच्या आठ गिअरच्या तिरप्या नळीवरच्या दांड्या मिळताहेत, सातच्या नाहीत.

जुनीचेन

चालतं. ४.७६ विरुद्ध ५.०, दर टिकटिकीला पाव मिमीचा फरक. मधल्या, चौथ्या चकतीवर अचूक जुळवा. मग दोन्ही टोकांना चूक पाऊण मिमीच्या आत राहते. टोकांच्या गिअरवर किंचित आवाज येईल, पण चेन उडी मारणार नाही. मी लोकांना हे लावून दिलंय आणि ते समाधानी आहेत.

मात्र आठ चकत्यांचं फ्रीव्हील घेऊ नका. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आत, चाकाच्या मध्याकडे असतात. चकत्या वाढल्या की छर्‍यांच्या बाहेर अ‍ॅक्सलचा लांब तुकडा आधाराविना राहतो. आपल्याकडच्या खड्ड्यांत तो वाकतो, कधी सरळ तुटतो. फ्रीहबमध्ये, म्हणजे जिथे मोकळं फिरणारं यंत्र हबचाच भाग असतं, छर्रे बाहेरच्या टोकाला नेलेले असतात, तिथे हा त्रास नाही. आठ हवेतच तर फ्रीहबचं चाक घ्या.

घाटचढ

सहाचं १४-२८ मिळालं. पण जुनं निघत नाहीये. सनटूरच्या चार काप्यांचा पाना इथे कुणाकडे नाही. एका दुकानात छिन्नीने ठोकून काढतो म्हणाले.

टर्नर_पिंपरी

छिन्नी लावू देऊ नका. कापा एकदा चेपला की पाना बसत नाही, मग फ्रीव्हील फोडूनच काढावं लागतं.

चाक घेऊन या. माप घेतो आणि ईएन-२४ पोलादात पाना काढून देतो. चार दात कापून, घासून, थोडं कडक करून. दात काप्यात पूर्ण खोलीपर्यंत बसले पाहिजेत, बाजूला खेळ नको.

जुनीचेन

हे फार चांगलं झालं. काढताना असं करा. अ‍ॅक्सलवरचा नट आणि वॉशर काढा म्हणजे पाना तळाशी टेकेल. आदल्या रात्री आट्यांत तेल सोडा. पाना काप्यांत बसवून क्विक रिलीजच्या (अ‍ॅक्सलमधून आरपार जाऊन चाक धरणाऱ्या) दांडीने वरून धरून ठेवा, म्हणजे तो उसळणार नाही. मग पाना व्हाइसमध्ये आवळायचा, चाक वर आडवं, फ्रीव्हील खाली. टायर दोन्ही हातांनी समोरासमोर धरा आणि डावीकडे, घड्याळाच्या उलट फिरवा. चाकाचा व्यासच तुमचा लांब पाना होतो. एकदा कट्ट आवाज येऊन सुटलं की लगेच क्विक रिलीज ढिलं करा. तसंच फिरवत राहिलात तर अ‍ॅक्सलवर ताण येतो.

नवीन लावताना आट्यांना ग्रीस, आणि फक्त हाताने घट्ट. पहिल्याच चढावर पायाच्या जोराने ते आपोआप आवळलं जातं.

आणि चाक बाहेर आहे तोवर तीन कामं उरकून घ्या, नाहीतर नवं फ्रीव्हील लावूनही गिअर कुरकुर करतील.

डिरेलर जिथे अडकतो तो हँगर तपासा. सामानात बांधून आलेल्या सायकलीचा हँगर आत वाकलेला नसेल तर नवल. त्याचे आटे १० मिमी व्यास, १ मिमी पिचचे आहेत, आणि मागच्या क्विक रिलीज चाकांच्या बऱ्याच अ‍ॅक्सलचेही तेच. डिरेलर काढा, मित्राच्या सायकलीचं मागचं चाक घ्या आणि त्याचा अ‍ॅक्सल हँगरमध्ये फिरवून बसवा. आता दोन चाकं शेजारी शेजारी उभी राहतील. वर, खाली, पुढे, मागे, चारही ठिकाणी दोन्ही रिममधलं अंतर सारखं हवं. नसेल तर ते चाकच धरून हळूहळू सरळ करा. स्टीलची फ्रेम ऐकते. अ‍ॅल्युमिनियमवर हे करायचं नाही.

दुसरं, केबलचं आऊटर, म्हणजे बाहेरची नळी. डिरेलरजवळच्या वळणात ब्रेकचं गुंडाळीच्या तारेचं आऊटर घातलेलं मी कितीतरी सायकलींवर पाहिलंय. वाकवलं की त्याची लांबी बदलते आणि टिकटिकीची अचूकता तिथेच जाते. गिअरचं आऊटर वेगळं असतं, त्यात तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात. मात्र हे आऊटर ब्रेकला कधीही लावू नका. ब्रेकच्या जोराने ते फाटतं.

तिसरं, चेन. नवी चेन १२ इंचांत, म्हणजे ३०४.८ मिमीत, बरोबर चोवीस पिना पुढे जाते. तुमची तेवढ्या पिनांत दीड मिमीहून जास्त ताणलेली असेल तर बदला. झिजलेली चेन नव्या चकतीवर घसरते आणि नवी चकतीही खाते. सहा-सात-आठ गिअरची साधी चेन चालेल.

घाटचढ

फ्रीव्हील निघालं. टर्नरसाहेबांचा पाना काप्यांत असा बसला की हलवून हलेना. व्हाइसमध्ये लावलं, दोघांनी टायर धरलं, एकाच झटक्यात सुटलं. त्यांनी पान्याचे पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा त्यांनीच पाजला.

हँगर खरंच वाकलेला होता. दुसरं चाक अडकवल्यावर खालच्या बाजूला दोन्ही रिम जवळ येत होत्या, वर लांब. सरळ केला. आऊटरही ब्रेकचंच निघालं. चेन बदलली.

नवीन फ्रीव्हील लावल्यावर लहान चकती आणि फ्रेममधलं अंतर कमी झालं, पण चेन घासत नाही. कडी एसआयएसवर फिरवली. सहाच्या सहा गिअर जागच्या जागी पडतात, दोन्ही दिशांना. मामांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी सांगितलं की त्यांनी ही सायकल कायम फ्रिक्शनवरच चालवली, कारण तिथल्या मेकॅनिकने "इंडेक्स बिघडलंय" असं सांगितलं होतं.

सिंहगड झाला. २८ वर बसून चढलो, दोनदा थांबावं लागलं, पण गिअरमुळे नाही. पुढची लहान चकती ४२ ची आहे, पुढच्या वेळी तिचं काहीतरी बघतो.

एक प्रश्न राहिला. मोठ्या-मोठ्यावर, म्हणजे पुढची आणि मागची दोन्ही मोठ्या चकत्या असताना, डिरेलर फार ताणला जातो. ठीक आहे का?

जुनीचेन

नव्या चेनच्या किती कड्या काढल्यात? पूर्वी २४ होती, आता २८, म्हणजे लांबी वाढायला हवी. चेन डिरेलरमधून न नेता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून गुंडाळा. टोकं जुळतात तिथून वर एक पूर्ण जोडी, म्हणजे एक इंच जास्त हवी. कमी असेल तर जोडी वाढवा, तोवर मोठ्या-मोठ्यावर जाऊ नका. आखूड चेन हँगर उखडते. वरची कप्पी २८ च्या दात्यांना घासत असेल तर मागचा छोटा स्क्रू आत घ्या, कप्पी खाली येईल.

आणि ते सनटूरचं फ्रीव्हील टाकू नका.

घाटचढ

एक जोडी कमी होती. जोडली. आता ताण नाही.

फ्रीव्हील पेट्रोलने धुऊन ठेवलंय. दाते बरे आहेत, आत छर्रे मोकळे फिरताहेत. पण माझ्या हबला त्याचा उपयोग नाही.

कोल्हापूरचा_टायर

पहिल्यांदाच लिहितोय, धागा सुरुवातीपासून वाचला. माझ्याकडे १२० मिमीची जुनी जपानी फ्रेम आहे, पाच गिअरची, दांड्या फ्रिक्शनच्या. फ्रेम रुंद न करता सहा चकत्या हव्या होत्या. ते अल्ट्रा-सिक्स मला द्याल का? पाठवायचा खर्च मी देतो.

जुनीचेन

ते याच मापासाठी बनलंय. लावण्याआधी आटे हाताने फिरवून बघा.

घाटचढ

उद्या पाठवतो. पानाही सोबत ठेवतो, कधी काढायची वेळ आली तर लागेल. काम झालं की पाना टर्नरसाहेबांकडे परत.